चार रंगांची कोरांटी

तळहातावर ती कळी—हिरवी, केसाळ, टोकाशी पिवळा रंग नुकताच डोकावलेला—आणि अशा आणखी कितीतरी कळ्या पायाशी पडलेल्या फांद्यांच्या ढिगात, हे लक्षात आलं तेव्हा यादोरावांच्या हातातली कात्री आपोआप खाली आली.

त्यांच्या पत्नी लीलाबाई उद्या घरी येणार होत्या, लेकीचं, पिंकीचं बाळंतपण आटोपून, अर्जुनी मोरगावहून, दीड महिन्याने. कुडवा गावातल्या आपल्या दारात पाऊल टाकताना त्यांना कुंपण नीटनेटकं दिसावं म्हणून यादोरावांनी सकाळपासून खपून कोरांटी छाटली होती, दोरी लावून, एका रेषेत. शेजारच्या शामकलाबाई नळावर जाताना कुंपणाशी थबकल्या.

"आता काऊन छाटलं जी भाऊ? कळ्या धरून राहिल्या होत्या ना. कोरांटी फुलून गेल्यावर छाटतेत."

फुलून गेल्यावर... तीस वर्षं दारात आहे आणि मला एवढंही ठाऊक नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिन आठ दिवसांवर. दरवर्षी त्या सकाळी विहारात बुद्धमूर्तीपुढे लीलाच्या कुंपणाची फुलं जातात—पिवळी, पांढरी, जांभळी, गुलाबी. एकही रोप तिने विकत घेतलेलं नाही. जिथे गेली तिथे लाज न बाळगता फांदी मागितली. पिवळी बोदलकसा तलावाच्या बांधावरची, जांभळी बहिणीच्या परसातली, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणलेली—आणि शेजारी बसलेला मी, ना वास ना फळ, नुसतं काट्याचं झाड, म्हणून तिला चिडवणारा. काटेसुद्धा फक्त पिवळीलाच असतात, हे आज हात ओरबाडल्यावर कळलं. वैशाखात अंगणातलं सगळं करपतं, हिची कोरांटी तेवढी तगते. काय बाई आहे ही! कौतुक इतकं दाटून आलं की यादोरावांना स्वतःचाच राग आला.

तिने येऊन बघण्याआधी आपणच सांगावं, म्हणून त्यांनी फोन लावला. काही न लपवता सांगितलं, कळ्यांसकट. पलीकडे बाळ रडत होतं.

"तुमी सोता हात लावला त्यायले?"

"हव."

"चारहीले?"

"हव."

बाळाला घेते, एवढं म्हणून लीलाबाईंनी फोन ठेवला.

आवाजात राग होता, की तीस वर्षांत पहिल्यांदाच आपण झुडपांना हात लावला, त्याचं नवल... यादोराव पायरीवर बसले. यंदा विहारात बाजारचा झेंडू न्यावा लागणार आणि ती हे कधी विसरणार नाही, याबद्दल त्यांना शंका नव्हती. तरी उद्याची धास्ती वाटेना. तिने यावं, एकेका झुडपापाशी आपल्याला उभं करावं, कुठलं कुठून आणलं, कशाला कधी हात लावायचा, सगळं सांगत मन भरेपर्यंत रागवावं—आणि आपण मधे एक शब्दही बोलू नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटू लागलं.