बशी पांढरी दिसेपर्यंत

चिमी पाच दिवसांची झाली आणि तिच्या आईला ती पिवळी दिसायला लागली.

"अगं, ट्यूबच पिवळी आहे," सासूबाई म्हणाल्या. "ह्या उजेडात मीसुद्धा पिवळीच. मग मलाही ने दवाखान्यात, दोघींचं एकदम होऊन जाईल."

त्यात खोटं काही नव्हतं. स्वयंपाकघरातली ट्यूब आठ वर्षांची. दोन्ही टोकं काळवंडलेली, मधला उजेड वापरलेल्या तेलासारखा. त्या उजेडात दूध पिवळं, भात पिवळा, ओट्यावरची पांढरी बशीही पिवळी. बाहेरच्या खोलीतला दिवा त्याहून मिणमिणता आणि खिडक्यांसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. घरी सोडताना नर्सनं बजावलं होतं, "बाळाला चांगल्या उजेडात बघत जा. नाकावर बोट हलकेच दाबून उचला. पिवळं दिसलं तर लगेच घेऊन या."

चांगला उजेड आणायचा कुठून? टाके ओले, तीन जिने, लिफ्ट बंद. आणि कालच उचकीसाठी तिनं डॉक्टरांना फोन केला होता, त्याचं हसू अजून घरात ताजं होतं. आज पुन्हा फोन करायचा तर स्वतःच्या डोळ्यांची खात्री हवी.

सकाळपासून तिनं बोट इतक्या वेळा दाबलं होतं की चिमीनं वैतागून भोकाड पसरायला हवं होतं. पण ती रडत नव्हती. दोन घोट प्यायची की डोळे मिटायची. तळपायाला गुदगुल्या केल्या तरी ढिम्म.

"गुणाची आहे," सासूबाई म्हणाल्या. "हिचा बाप अख्खी इमारत डोक्यावर घ्यायचा."

तिनं नवऱ्याला कामावर फोन लावला. "आजच्या आज नवी ट्यूब आण. आणि लवकर ये."

तासाभरात दुकानातूनच त्याचा फोन आला. "हा दुकानदार म्हणतोय, घरात तान्हं बाळ आहे तर पिवळसर घ्या, डोळ्यांना बरी."

"पांढरी आण. दिवसासारखी. खोक्यावर डेलाइट लिहिलेलं बघूनच घे. पिवळी आणलीस तर पायरीवरूनच परत जा."

घरी येताच तो स्टुलावर चढला. सासूबाईंनी स्टूल धरलं. "मेन बंद केलंस ना?"

"केलंय गं."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

जुनी ट्यूब निघाली, नवी बसली. मेन चालू झालं, बटण दाबलं आणि एकदाही न फडफडता पांढराशुभ्र उजेड पडला. तिनं आधी बशीकडे पाहिलं. बशी पांढरी होती. सासूबाईंचे केस पांढरे होते.

"अगंबाई, ह्या टाइल्स बघ!" शेगडीमागचे तेलाचे ओघळ बघून सासूबाई किंचाळल्या. "लोक काय म्हणतील!"

तिनं चिमीचं दुपटं सोडलं.

सासूबाईंचं बोलणं तिथंच तुटलं. त्या वाकल्या. नाकावर त्यांनी स्वतःचं बोट दाबलं, मग छातीवर, मग मांडीवर. जिथून बोट उचललं तिथं तिथं पिवळं. त्यांनी बशी उचलून चिमीच्या पायाशी धरली, आणि खाली ठेवली.

"गाडी बोलाव," त्या मुलाला म्हणाल्या. "आणि शेजारच्याला हाक मारून खुर्ची घे. हिला बसवून खाली न्या, जिना उतरायचा नाही. बाळ माझ्याकडे द्या." मग सुनेकडे न बघताच, "तुझं बरोबर होतं गं. मीच उगाच."

"कावीळ आहे. वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. चिमीला दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर एवढीशी पट्टी बांधून. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भुकेनं अशी रडली की नर्स म्हणाली, "हिला न्या आता घरी."

मायलेकी घरी आल्या तर स्वयंपाकघर ओळखू येईना. टाइल्स लखलखत होत्या. सासूबाईंच्या बोटांची सालटी निघाली होती.

"आई, हे काय केलंत?"

"मग दोन दिवस काय करत बसू?" त्यांनी भर दुपारी ट्यूब लावली, चिमीला उजेडाखाली धरलं, नाकावर बोट दाबून उचललं. चिमीनं इमारत डोक्यावर घेतली.

"बापावर गेली," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा दाबून बघितलं.