क्यू देणारी

हॉलिवूडला खेटून असलेल्या बर्बँकमधल्या कुठल्याही दुकानात नॉरिस हॅव्हरकॅम्प शिरला की कुणीतरी त्याच्याकडे बघून थबकायचंच.

"तुम्हीच आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलंत ना?"

"शाळेत आम्हाला भूगोल तुम्हीच शिकवायचात!"

एका बाईने तर पेट्रोल पंपावर त्याचा हात हातात घेतला आणि "माझ्या वडिलांच्या अंत्यविधीला किती छान बोललात हो," म्हणत डोळ्यांना रुमाल लावला. नॉरिस कुणाला खोटं पाडायचा नाही. "फार भला माणूस होता," असं म्हणून मोकळा झाला. सांगणार तरी काय? की बाई, मी पाद्री होतो तो टीव्हीवरच्या मालिकेत, आणि त्या पेटीत तुमचे वडील नव्हते, रिकामी होती ती?

जन्मभर त्याने हेच केलं. न्यायाधीश झाला, शेरीफ झाला, बँकेचा मॅनेजर झाला, हिरोला जावई करून घ्यायला नकार देणारा सासरा झाला, आणि मढं तर किती वेळा झाला त्याला गणती नाही. साऱ्या देशाला त्याचा चेहरा ठाऊक, नाव मात्र कुणालाच नाही. शेवटी नावं येतात तेव्हा ती अशी पळवतात, की त्याच्या सख्ख्या आईलाही त्याचं नाव कधी वाचता आलं नाही. एवढी घाई असते तर दाखवता कशाला, म्हणते मी!

त्याची खरी किंमत एकाच माणसाला कळत होती. त्याच्या बायकोला, व्हर्नाला. तीही नटी व्हायलाच या गावात आली होती. साबणाच्या दोन-तीन जाहिराती केल्या, मग मुली झाल्या, मग शाळेच्या ऑफिसात नोकरी धरली. पण नॉरिसला काम मिळालं की आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून समोरच्या पात्राची वाक्यं तीच म्हणायची. क्यू द्यायची. बटाटे सोलता सोलता, अगदी सपाट आवाजात. त्या टेबलाशी ती खुनी झाली, वकील झाली, नॉरिसची प्रेयसी झाली, आणि एकदा घोडासुद्धा झाली.

गेल्या हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, पण शब्द अडकून बसले. मनात सगळं लख्ख असायचं. चमचा हवाय हे कळायचं, चमचा दिसायचा, आणि तोंडातून यायचं 'मंगळवार'. सुरुवातीला दोघंही हसायची. मग एकदा डोनटच्या दुकानात तिने स्वतः कॉफी मागायचा हट्ट धरला, 'मंगळवार' मागितला, आणि काउंटरमागची मुलगी खुदकन हसली. त्या दिवसापासून व्हर्नाने परक्या माणसांसमोर तोंड उघडणं बंद केलं. हळूहळू मुलींच्या फोनवरही नाही. मग घरातही मानेनेच हो आणि मानेनेच नाही.

"बोलायचा सराव सुटला तर आहे तेही जाईल," बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईने नॉरिसला दाराशी बाजूला घेऊन सांगितलं. "मग मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

दिवसभर नॉरिसला दुसरं काही सुचेना. आता कुठली भूमिका मिळते, किती मोठी मिळते, याचं त्याला काही नव्हतं. त्याला फक्त व्हर्ना बोलायला हवी होती.

आणि नेमकं तेव्हाच त्याला कामं मिळवून देणाऱ्या एजंट बाईचा, अनूश गाराबेडियनचा फोन आला.

"नॉरिस, राजा, बसला आहेस का? नसलास तर बस. चांगली भूमिका आहे. चार सीन! आणि मरतसुद्धा नाहीस तू!"

"मग काय करतो?"

"निवृत्त बस ड्रायव्हर. रे नाव त्याचं. भावाशी जन्माचं भांडण, आता भाऊ शेवटच्या घटका मोजतोय म्हणून निघालाय, आणि बायको दारात उभी राहून म्हणते, आज जाऊ नकोस. उद्या दुपारपर्यंत शूट करून पाठव. आणि ऐक, समोरच्याची वाक्यं म्हणायला कुणीतरी धड माणूस घे. मागच्या वेळी तुझा तो शेजारी मध्येच शिंकला."

हल्ली ऑडिशनला कुणी कुणाला बोलावत नाही. घरीच मोबाईल उभा करायचा, क्यू देणाऱ्याला मोबाईलशेजारी बसवायचं, आपण भिंतीला पाठ लावून अभिनय करायचा आणि पाठवून द्यायचं. नॉरिसला हे मुळीच आवडत नसे, पण आज त्याच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं.

"शेजारी गावाला गेलाय," त्याने व्हर्नाला बेधडक थाप मारली. शेजारी तेव्हा खिडकीबाहेर नळीने गाडी धूत होता. व्हर्नाने खिडकीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"बरं, नाही गेला. पण मला तूच हवीस. तुझ्याशिवाय माझ्या तोंडून वाक्य सुटत नाही, ठाऊक आहे तुला. इथे कोण आहे ऐकायला? जमेल तेवढं म्हण. शब्द चुकला तर चुकला."

तिने मान हलवली. नाही. त्याने कागद तिच्या पुढ्यात ठेवला आणि तिच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसला. या वयात तो गुडघ्यावर बसला, की उठताना त्याला कुणीतरी धरावं लागतं. ते बघूनच बहुधा व्हर्नाचं मन पाघळलं. तिने कागद ओढून घेतला.

नॉरिस स्वतःला पडद्यावर कधीच बघत नसे. "बघितलं की मला माझे हात कुठे ठेवावेत कळेनासं होतं," म्हणायचा. म्हणून मोबाईलची काचही तो नेहमी पलीकडे, क्यू देणाऱ्याच्या बाजूला करून ठेवी. तसाच तो ठेवला, बटण दाबलं, आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"बॅग कुठे ठेवलीस माझी?" रे म्हणाला.

व्हर्नाने तोंड उघडलं. कागदाकडे बघितलं, मग मोबाईलकडे, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"तो... तो... नाही. इकडे... इकडे मंगळवार!"

"घाई नको," नॉरिस हळूच म्हणाला. "सावकाश." आणि पुढचं वाक्य घेतलं. "तो माझा भाऊ आहे. मला जायलाच हवं."

"नाही! ऐक... बघ... हे... हे..." तिने हात वर केला, बोट दाखवलं, कपाळावर हात मारला. डोळ्यांत पाणी आलं. ओठ नुसतेच हलत राहिले, आणि मग तिने दोन्ही हात त्याच्याकडे पसरले.

नॉरिसला भडभडून आलं. ती प्रयत्न करत होती! इतक्या महिन्यांनी, जीव तोडून! आपला सीन कसा झाला याकडे त्याचं लक्षच नव्हतं. शेवटचं वाक्य म्हणून त्याने मोबाईल उचलला आणि झालेला सीन न बघताच अनूशला पाठवून दिला.

व्हर्ना मात्र जाम भडकली. कपाटांची दारं आपटली, रात्रीच्या जेवणाला ट्यूना माशाची थाळी त्याच्यापुढे अशी ठेवली की मटार टेबलावर उडाले. तिला जबरदस्तीने बोलायला लावलं, म्हणून ती रागावली असणार, असं समजून नॉरिसने खाली मान घालून मटार वेचले.

दोन दिवसांनी अनूशचा फोन आला. तिचा आवाज चमत्कारिक येत होता.

"नॉरिस, ती बाई कोण?"

"कुठली बाई?"

"तू पाठवलंस त्यातली! मला चेष्टा वाटली आधी. तू कुठेच नाहीस. नुसता तुझा आवाज, आणि पूर्णवेळ ती! दिग्दर्शिका बाई वेड्या झाल्यात. मिरियम ऑल्ट. म्हणाल्या, इतक्या वर्षांत असं काही बघितलं नाही. नवऱ्याला थांबवायचंय आणि शब्द येत नाहीत! लिहिलेलं सगळं काढून त्या बायकोची भूमिका अशीच करणार म्हणतात. कुणाकडे आहे ती? कोण एजंट तिचा?"

"आणि रे? रेचं काम?"

"ते मोठ्या नावाला दिलं, राजा. सॉरी."

खोटं कशाला सांगू, नॉरिसला झोंबलं. चांगलंच झोंबलं. जन्मभर दारं ठोठावली याने, आणि लाल गालिचा अंथरला बायकोसाठी! परसात जाऊन तो लिंबाच्या झाडाखाली बराच वेळ उभा राहिला. मग त्याने मोबाईल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण पाठवलेलं बघायला बसला.

आणि त्याला सगळं कळलं. ओठांच्या व्यायामासाठी व्हर्ना रोज सकाळी त्याच्याच मोबाईलचा सेल्फी कॅमेरा लावून आरसा करायची. तो काचेच्या बाजूचा कॅमेरा तसाच चालू, तिच्याच बाजूला वळलेला राहिला होता. काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि ती बिचारी जिवाच्या आकांताने नवऱ्याला सांगत होती, अरे मूर्खा, कॅमेरा उलटा आहे! आणि हा आपला, घाई नको, सावकाश!

त्याने तिला आत जाऊन दाखवलं, अनूशचं सगळं बोलणं सांगितलं, आपलं काम गेल्याचंही सांगितलं. व्हर्नाने स्वतःचं कपाळ बडवणं बघितलं आणि हसू लागली. झटका आल्यापासून ती अशी हसली नव्हती. पोट धरून, खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. मग एकदम थांबली आणि मान हलवली. नाही.

"ठीक आहे," नॉरिस म्हणाला. "पण मी नाही सांगणार. एजंटला नकार नटाने स्वतः द्यायचा असतो." आणि त्याने अनूशला फोन लावून सरळ तिच्या कानाला धरला.

व्हर्नाने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी जळून खाक झाला असता. पलीकडे अनूश हॅलो हॅलो करत होती. व्हर्नाने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"कधी?" ती म्हणाली.

शूटिंगच्या दिवशी नॉरिस तिचा ड्रायव्हर म्हणून गेला. रेचं काम मिळालेल्या त्या मोठ्या नावाच्या हिरोचे क्लोजअप आधी झाले. आपले क्लोजअप संपले, की समोरच्याच्या क्लोजअपला कॅमेऱ्याशेजारी उभं राहून क्यू द्यायचे, ही नटांतली साधी माणुसकी. नॉरिसने ती मढ्याची कामं करतानाही पाळली. या हिरोने मात्र घड्याळात बघितलं आणि आपल्या गाडीत जाऊन झोपला. नाव सांगून माझी जीभ विटाळत नाही.

मग एक सहायक कागद घेऊन उभा राहिला आणि विमानतळावरच्या घोषणेसारखा वाचू लागला. व्हर्ना भांबावली. "मंगळवार," ती म्हणाली. मग "खुर्ची". दिव्यांमागे तीस-चाळीस माणसं श्वास रोखून उभी होती. तिने मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटले. नॉरिसला ते मिटलेले ओठ चांगले ओळखीचे होते. आता जर ही अशीच उठून घरी आली, तर पुन्हा कुणासमोरही तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं कळलं, आणि हिला इथे आपणच आणलं म्हणून त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"नॉरिस," दिग्दर्शिका मिरियम हळूच म्हणाली, "तुम्हाला वाक्यं येतात ना?"

येतात? त्याला झोपेतही येत होती. तो पुढे झाला आणि कॅमेऱ्याला खेटून उभा राहिला.

"बॅग कुठे ठेवलीस माझी?"

व्हर्नाने नजर वर केली. समोर तोच बघून तिचे खांदे सैल झाले. "नाही," ती म्हणाली. "नको... ना."

"तो माझा भाऊ आहे," नॉरिस म्हणाला. "मला जायलाच..." आणि त्याचा आवाजच गेला. आयुष्यात कधी वाक्य न चुकलेला माणूस, कॅमेरा चालू असताना, भर सेटवर, लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. तोंडावर हात दाबून बघितला, काही उपयोग झाला नाही. सहायकाने घाबरून दिग्दर्शिकेकडे बघितलं. तिने हातानेच थांबू नका अशी खूण केली, कॅमेरा चालू राहिला.

व्हर्नाने नवऱ्याकडे नीट बघितलं. कपाळाला आठी घातली. ओठ एकदा हलले, परत हलले.

"रडू नकोस," ती म्हणाली. स्वच्छ, ठणठणीत आवाजात. मग जरा थांबून पुढचा शब्द शोधला, आणि तोही सापडला. "सीन माझा आहे."

दिव्यांमागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. व्हर्नाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. नॉरिसने बाहीला नाक पुसलं, घसा खाकरला, आणि अगदी सपाट आवाजात तिला पुढचा क्यू दिला.