शाळवातले सात गोल

दहा वाजता खोदाई सुरू करायला पुरातत्त्वाचे सर येणार होते आणि समीक्षाचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. कुंडलच्या पायगोंडांच्या शाळू ज्वारीच्या शेताचा ड्रोनने काढलेला फोटो तिने पन्नासदा तरी पाहिला असेल. फिकट पिकात गडद हिरवे सात गोल. जमिनीखाली जुन्या घरांचे खड्डे असले की तिथे ओल टिकते, पीक तरारतं. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, असं अहवालात ठोकून ती मोकळी झाली होती. त्या जोरावर खोदाईची परवानगी आली. भल्या पायगोंडांनी उभं पीक कापायला होकारही दिला. फोटो त्यांना कुणी दाखवलाच नव्हता.

लेकीचं कौतुक बघायला तिचे वडील बिरदेव आटपाडीहून मुद्दाम रानात आले होते. त्यांनी मोबाइलवरचा फोटो लांब धरून पाहिला आणि ते हसले.

“अगं, हितं तर आपली मेंढरं बसली व्हती!”

“कवा, आबा?”

“गेल्या उन्हाळ्यात. रान मोकळं हुतं, पायगोंडाअण्णांनीच खतासाठी बसवली. सात मुक्काम. रोज वाघर हालवायची, मेखा ठोकून गोल जाळं ताणायचं, आत कळप. मग पीक हिरवं हुणारच की!”

समीक्षाने मोबाइल परत घेतला. धनगराच्या पोरीला हे कळू नये? पण कळणार कसं! मेंढरांमागं हिंडायची वेळ येऊ नये म्हणून आबांनीच तिला दुसरीपासून वसतिगृहात ठेवली होती. गप्प बसावं, काही निघालं नाही तर नशिबाला बोल लावता येईल, असंही मनात येऊन गेलं. त्या विचाराची तिला लाज वाटली.

ती पुन्हा फोटोत डोकावली. “पर सगळी कडंकडंनंच का बसवली?”

“मधी मेख घुसत न्हाई. वीतभर खाली दगुड, सरळ वळीनं. तुज्या आज्यापासनं ठाऊक हाय.”

गोलांच्या मधे शाळू पिवळा पडला होता. दोन सरळ पट्टे, काटकोनात मिळालेले, खाली भिंती असाव्यात तसे. हिरव्याच्या नादात तिने ते पाहिलेच नव्हते.

बांधाशी गाडी थांबली. सर उतरले. “हं, कुठून सुरुवात?”

“सर, आधी माझी चूक ऐका. ते गोल आमच्या मेंढरांचे आहेत.” तिने फोटो पुढे केला. “खाली दगड कुठे आहेत, ते माझ्या वडलांना विचारा.”

सर बिरदेवांकडे वळले. बिरदेव गोंधळले. आज सकाळपर्यंत कुणा शिकल्यासवरल्या माणसाने त्यांना काही विचारलं नव्हतं, लेकीनेसुद्धा.