छान, बस

तपासनिसांच्या पेन्सिलीच्या मागचं रबर पार झिजून पत्र्याला लागलंय, आणि ती पेन्सिल आता थांबली आहे... म्हणजे ते काहीतरी बोलले असणार, किंवा बोलणार असणार. फळ्याला पाठ लावून उभ्या असलेल्या बाईंनी नजर ते बसले होते त्या शेवटच्या बाकावरून हलवली नाही. तपासनिसांना भरघोस मिशी. वरचा ओठ तिच्यात बुडालेला, आणि ओठ दिसले नाहीत की बाईंचं ऐकणंच संपलं — डावा कान चार वर्षांपूर्वी गेला, उजव्यात गेल्या वर्षापासून नुसती घरघर. शाळेत कुणाला माहीत नाही. कळलं तर वर्ग जाणार. शिवणाच्या बाईंचे गुडघे गेले, तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्यांना पुस्तकांच्या कोठीत बसवलं. तिथे त्या दिवसभर फाटकी पुस्तकं चिकटवत असतात आणि मधल्या सुट्टीत दारात येऊन मुलांकडे बघत उभ्या राहतात.

दोन वेण्यांची मॉनिटर उठली. तोंड बाईंकडे करून सावकाश म्हणाली, "बाई, साहेब विचारतायत, आज आपण काय करणार?"

एकेकानं उठून एक वाक्य सांगायचं, मनातलं, कुठलंही, असं बाईंनी सांगितलं. पेन्सिल चालू लागली. सुटले.

ही सवय त्यांनीच लावलेली — उठायचं, बाईंकडे बघायचं, सावकाश बोलायचं, एका वेळी एकानंच. तीन इमारती, अकराशे मुलं, आणि फाटकावरची सूचना पाच भाषांत लावूनही निम्म्या पालकांना ती दुसऱ्याकडून समजून घ्यावी लागते. अशा शाळेत शेजारपाजारच्या वर्गांत नुसता बाजार भरलेला, आणि हा एकच वर्ग शांत. लोकांना वाटतं, काय शिस्त आहे. बाई मनाशी म्हणतात, कसली शिस्त... मला गोंगाट ऐकू येत नाही, तो फक्त दिसतो, आणि दिसला की भीती वाटते, एवढंच.

सासूबाईंना असंच कमी ऐकू यायचं. काहीही सांगा, त्या हसून मान डोलवायच्या — छान, छान. एकदा स्वयंपाकघरात मी नणंदेला डोळा मारला आणि त्यांना म्हटलं, सासूबाई, मागची भिंत पडली हो. छान झालं, त्या म्हणाल्या. पोट धरधरून हसलो आम्ही दोघी. आणि सासूबाईही हसल्या, आम्ही हसतोय म्हणून... हे हल्ली फार आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

वाक्यं येत होती. मांजरीला पिल्लं झाली. काकाचं लग्न मोडलं पण जेवण झालं. बाई अर्धं ओठांवरून उचलत होत्या, अर्धं अंदाजानं जुळवत होत्या. मग तपासनिसांच्या शेजारी बसलेली नवीन मुलगी उठली. चार महिन्यांपूर्वी आली. जागा मागे होती म्हणून मागे बसली. ती तिच्या घरच्या भाषेत बोलते, आणि त्या भाषेत ओठ कसे हलतात ते बाईंना ठाऊक नाही. थांबली की समजायचं, संपलं. ती थांबली.

"छान, बस," बाई म्हणाल्या, रोजच्यासारखं.

मुलगी बसली. सेहेचाळीस मुलांत एकही हसलं नाही, आणि पेन्सिल भराभर चालत राहिली.

शाळा सुटल्यावर कचेरीत सगळ्या शिक्षकांपुढे अहवाल वाचला गेला. शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका आपल्या प्रतीवर ओळीओळीनं बोट फिरवत होत्या, म्हणून बाईंना तो कळला. शाळा एकंदरीत बरी. बाक अपुरे, मागच्या इमारतीत अंधार, वाचन यथातथा. सातवा मुद्दा — प्रत्येक मुलाचं ऐकून घेतलं जातं का? तिथे एकाच वर्गापुढे 'उत्तम', आणि खाली दोन ओळी: नवीन मुलांना घरच्या भाषेत बोलू दिलं जातं, बाईंची नजर बोलणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावरून ढळत नाही. मुख्याध्यापिकांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या वर्षी हीच पद्धत सगळ्या वर्गांत न्यायची, आणि ती बाकीच्यांना शिकवायची बाईंनीच. बाईंनी हसून मान डोलवली.

पिशवी घ्यायला वर्गात आल्या तर मॉनिटर फळा पुसत होती. खरं तर पिशवी घेऊन निघायचं. पण त्या दोन ओळी टोचत होत्या — चार महिने ती पोर उठते, बोलते, बसते... त्यांनी मॉनिटरला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, ती नवीन मुलगी आज काय म्हणाली गं.

"रोज म्हणते तेच."

"म्हणजे काय?"

मॉनिटरनं आधी दाराकडे बघितलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तिच्या पुढच्या बाकावरच्या मुलीला येते तिची भाषा. तिनं सांगितलं आम्हाला. नवीन मुलगी म्हणते, मला मागून ऐकू येत नाही. पुढे बसू का?"

बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच ओठ, तेच शब्द.

"तिची आई येणार होती शाळेत," मॉनिटर म्हणाली. "आम्हीच नको म्हटलं. तिला सांगितलं, बाईंना पण येत नाही ऐकू. मोठ्या बाईंना कळलं तर त्यांना कोठीत बसवतील."

ती डस्टर ठेवून गेली. बाई पुढच्याच बाकावर टेकल्या. सगळ्या मुलांना माहीत होतं. तिचं म्हणणं मला सांगायचं तर माझ्या कानांचं माहीत आहे हेही सांगावं लागलं असतं, म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि त्या पोरीला रोज उठू दिलं, रोज बसू दिलं... चार महिने. आठ-नऊ वर्षांची पोर. आता रडू यायला हवं होतं. पण सगळ्यात आधी मनात आलं ते हेच, की म्हणजे बाहेर अजून कुणाला कळलेलं नाही. छाती हलकी झाली, खरंच झाली. ती मुलगी त्यानंतर आली मनात, बरीच नंतर. उद्या तिला पुढे आणायचं. आणलंच पाहिजे. पण मुख्याध्यापिका विचारतील, चार महिन्यांनी आजच कसं कळलं तुम्हाला, आणि त्यावर काय सांगायचं याची जुळवाजुळव मी तिथेच बसून करायला लागले होते, आणि उत्तरं सुचतही होती.