धुळ्यापर्यंत पोचलेलं बोलणं

भडगावच्या सुगराबी स्वयंपाक करताना जगातल्या सगळ्या गोष्टींवर मतं सांगायच्या. लग्नात लोक उभ्याने जेवतात, मयतीतसुद्धा मोबाईल बघतात. सून मिसबाह हसत ऐकायची.

एकदा बसस्टँडवर एका अनोळखी मुलीने त्यांना थांबवलं.

"आजी, तुमचे व्हिडिओ आम्ही रोज बघतो," असं म्हणून तिने मोबाईल पुढे धरला. त्यात सुगराबी स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसून बोलत होत्या, "धुळ्याला बहिणीकडे गेले, तर जो तो मोबाईलमध्ये. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

घरी येऊन सुगराबींनी सुनेला विचारलं, "हे तू टाकलंस?"

"अम्मी, लोकांना तुमचं बोलणं आवडतं," मिसबाह खाली बघत म्हणाली. "पण धुळ्याच्या खालांनीही, तुमच्या बहिणीनेही पाहिलं. म्हणूनच त्या तुमचा फोन उचलत नाहीत."

सुगराबींना घास गेला नाही. त्यांनी समोर बसून मिसबाहला सगळे व्हिडिओ काढून टाकायला लावले आणि सकाळी धुळ्याची बस धरली.

धाकट्या बहिणीने, हनीफाने दार उघडलं.

"आपा, तू खोटं बोलली नाहीस," ती म्हणाली. "पण मला सांगायचं होतंस. शेजारणीने आणून दाखवलं मला."

"मला माहीत नव्हतं गं," एवढंच सुगराबी म्हणाल्या. हनीफाने त्यांना आत घेतलं, जेवू घातलं. बोलली मात्र पाहुण्यांशी बोलावं तसं.