नमुन्याचं पान

आमच्या कोर्सचं नाव भारदस्त आहे, 'वेब डिझाइन आणि वेबलेखन'. शिकवायला मी एकटी, लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर बंद, आणि मुलं दरवर्षी आंब्याच्याच वेबसाइट करतात. 'आमच्याकडे अस्सल हापूस मिळेल.' तपासून तपासून मला आंबा नकोसा झालाय. म्हणून यंदा मी वैतागून नियमच घातला. जागा भरायला घातलेला खोटा मजकूर चालणार नाही, खरी नावं घाला. आणि पान झालं की घरच्या माणसांना पाठवून त्यांना समजतंय का ते विचारा.

दीक्षानं ते मनावर घेतलं. तिच्या बौद्धवाडीतली निम्मी माणसं मुंबईला. कुणी गेलं की मुंबईकर येईपर्यंत थांबायचं, मुलगा पोचल्याशिवाय मयत उचलायचं नाही, ही तिथली रीत. निरोपात घोटाळे होतात म्हणून तिनं वाडीच्या बातम्यांची वेबसाइट केली. आंबा नाही हे बघूनच मला बरं वाटलं. निधनाच्या बातमीच्या नमुन्यासाठी नाव कुणाचं घालायचं? तिचे आजोबा गंगाराम म्हणाले, "माझं घाल. दुसऱ्या कुणाचं घातलंस तर भांडायला येतील."

तिनं घातलं. खाली लिहिलं, 'अंत्यविधी मुलगा काशीराम आल्यावर होईल.' हा काशीराम तिचा चुलता. बापाशी वाजलं तेव्हापासून त्यानं गावात पाऊल टाकलेलं नाही. आजोबा त्याची वाट बघून थकलेत, हे दीक्षा मला केव्हाची सांगत होती.

ते पान तिनं वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. वर 'कृपया वाचून कळवा' एवढंच, नमुना आहे हे कुठेच नाही. झालं. मयताच्या घरी फोन करून 'खरं काय हो' असं विचारणार कोण? मिळेल ती गाडी धरून माणसं निघाली.

सकाळी दीक्षाचा रडत फोन आला. चहा तसाच टाकून मी स्कूटर काढली. कॉलेजात कळलं तर माझं काय, हा विचार वाटेतल्या मिरजोळे गावापर्यंत पुरला. पुढे नुसताच कंटाळा आला, स्वतःचा, कोर्सचा, सगळ्याचा.

आजोबा पडवीत खुर्चीवर बसलेले. समोर मुंबईकर, आणि हातातले हार ठेवायचे कुठे ते कुणाला कळेना. कुणी हसत होतं, कुणी रजा फुकट गेली म्हणून चिडलेलं. दीक्षाची सुंदराआजी चहा देता देता म्हणाली, "तुम्हीच काय त्या शिकवणाऱ्या बाई?" मी कप घेतला.

आजोबांचं लक्ष रस्त्याकडे. गाडी वाजली की मान वर व्हायची. शेवटच्या जीपमधून त्यांचा पुतण्या बाळा उतरला. काकाला जिवंत बघून तो हातातला हार पाठीमागे लपवायला लागला.

"काशी खंय... कुठाय काशी?" आजोबांनी विचारलं.

बाळा भांबावलेला. तोंडात होतं तेच बोलून गेला. "त्याला फोन केलेला, काका. म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका, उरकून घ्या."

दीक्षा हुंदके द्यायला लागली. "मी कशाला पाठवलं ते पान."

"गप गो बाय," आजोबा म्हणाले. "माझं नाव घाल असं मीच ना सांगितलं? म्हटलं बघूया, मेल्यावर तरी येतो काय." मग आजीकडे वळले. "एवढी माणसं आलीत. भात टाक."

जेवणं झाल्यावर मी निघाले, तर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, मी खरा जाईन तेव्हा ती बातमी सगळ्यांना दिसू दे. काशीला तेवढी नको. परत एकदा त्यानं नाही म्हणायला नको. असं करता येतं?"

टाकलेलं पान कुणालाही दिसतं, हे मी पहिल्याच तासाला शिकवते.

"येतं, आजोबा," मी म्हटलं.