मला काढून मोठा बसवला

मी एक जुना स्प्रॉकेट आहे. म्हणजे गाडीची चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणतो, ते अशा गोष्टीत म्हणायची रीत आहे म्हणून. एरवी माणसांशी मैत्री करावी असे त्यांनी माझे काही भले केलेले नाही.

माझा जन्म पोलादाच्या जाड पत्र्यातून झाला. मला प्रेसखाली कापले, भट्टीत लाल केले, तेलात बुडवले आणि खोक्यात भरले. मग चार जाड चाकांच्या, एकट्याने बसायच्या शर्यतीच्या एटीव्हीला मला मागच्या बाजूला बसवले; पुढे इंजिनापाशी माझ्यासारखेच एक लहान चक्र, आणि आम्हा दोघांवरून चेन. ती गाडी दादाची. सपाट मातीच्या ट्रॅकवर तो तिला अशी पळवायचा की लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. टाळ्या त्याला, कौतुक इंजिनाचे. मी मागे चिखल खात होतो, माझे नावही कुणी काढले नाही. चेनला तेल घालायला मात्र दादा कधी विसरला नाही, एवढे कबूल करतो.

पुढे दादाचा गुडघा गेला आणि गाडी त्याच्या बहिणीकडे आली. ती घरात सगळ्यांत लहान, म्हणून तिला धाकटी म्हणत. लग्न होऊन संसार थाटला तरी धाकटीच. तिला शर्यती नको होत्या. तिला डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या अरुंद वाटा चढायच्या होत्या. पण माझी जोडणी वेगासाठीची. चढणीवर पहिल्या गिअरमध्येही गाडी मान टाकायची आणि क्लच दाबून दाबून धाकटीची बोटे दुखायची.

"दादा, पुढचा स्प्रॉकेट एका दाताने लहान लावू या," ती गॅरेजमध्ये म्हणाली. "वेग कमी होईल, पण जोर वाढेल."

"पुढचा कशाला? मागचा मोठा लावू. जोर तेवढाच मिळतो. माझ्याकडे पडलाय एक, शर्यतीच्या वेळचा."

"मोठा म्हणजे आणखी खाली येणार. दगडाला लागेल तो."

"मला शिकवतेस? या गाडीवर मी हाडं मोडून घेतलीत."

"पण गाडी आता माझी आहे ना?"

"आहे की! म्हणून तर तुझ्या भल्याचं सांगतोय."

असे भले करणारा माणूस घरात असला की आपले काही खरे नसते. दादाने गाडी दिली होती, पण हातातून सोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेल्यावर त्याने मला उतरवले, तो ताटाएवढा गडी माझ्या जागी बसवला, चेनला जास्तीची कडी जोडली आणि मला भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. संध्याकाळी धाकटीने ते पाहिले. घरात भांडण नको म्हणून तिने तो तसाच राहू दिला. मला तिचाही राग आला.

पुढचे मला कळले ते गाडी टेम्पोतून परत आली तेव्हा. दादाच्या ट्रॅकवर दगड नव्हते. मोठा स्प्रॉकेट जमिनीच्या किती जवळ येतो, याचा विचार त्याला कधी करावाच लागला नव्हता. चढणीवर एका दगडाने मोठ्याचे दात मुडपले, चेन उतरून अडकली, मागची चाके जाम झाली आणि गाडी मागे उलटली. धाकटीने उडी मारली म्हणून वाचली. उजवे मनगट मात्र मोडले.

"वेग जरा कमी ठेवायचास," दादा म्हणाला.

"वेग? पायी चालणारा माझ्या पुढे गेला असता!" धाकटीचा आवाज चढला. "तुझ्या ट्रॅकवर दगड होते का रे, दादा?"

दादा वाकून मोठ्याचे मुडपलेले दात बघू लागला. मी खिळ्यावरून मनसोक्त हसलो.

मोठा भंगारात गेला. मला खाली घेऊन पुसले, नवी चेन आणली, पुढे एका दाताने लहान स्प्रॉकेट लावला. धाकटीला पाना ओढता येईना, म्हणून माझे बोल्ट दादाने आवळले. ती सांगेल तसे, उलट प्रश्न न विचारता. काम झाल्यावर तिने पाना डाव्या हातात घेतला आणि त्याच्यादेखत एकेक बोल्ट पुन्हा तपासला.

"अगं, मी आवळलेत ना," दादा म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि पुढच्या बोल्टला पाना लावला.

त्याचा चेहरा पडला. त्याने जोडून दिलेल्या सायकलवर ही मुलगी लहानपणी डोळे मिटून बसत असे. मला हसू यायला हवे होते. आले नाही.

तर मित्रांनो, चेनला तेल घाला, दात झिजले की वेळेवर बदला आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला विचारल्याशिवाय तिला हात लावू नका. आम्हा चक्रांचे काय, एक गेले की दुकानातून दुसरे आणता येते. धाकटी आता मजेत डोंगर चढते. पण निघण्याआधी ती पाना घेऊन माझ्याजवळ बसते, एकेक बोल्ट तपासते, आणि तेवढा वेळ दादा गॅरेजच्या बाहेर जाऊन उभा राहतो.